न तोडता जोडण्याची विद्या

मोटारीच्या डॅशबोर्डात मधोमध १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच अशी एक आडवी चौकट ठेवण्याचा शिरस्ता कित्येक वर्षे जगभर पाळला जात असे, आणि ज्या गाडीत कारखान्याने रेडिओ बसविलेला नसे, तिच्यात ही चौकट काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाने बंद केलेली असे. झाकण काढले की आत तारांचा एक जुडगा आणि त्याच्या टोकाला कपलर दिसे. आणि ज्या कारागिराने त्या गाडीचा निर्माता कधी पाहिला नाही, त्याचा देश पाहिला नाही, त्याची भाषाही ऐकली नाही, तो तिसऱ्याच कंपनीचे ध्वनियंत्र त्या चौकटीत सरकवून तासाभरात गाडी मालकाच्या स्वाधीन करी. हा व्यवहार इतका सवयीचा झाला होता की त्याच्यामागे काही इतिहास असेल, अशी शंकाही कुणाच्या मनात येत नसे. वास्तविक त्या चौकटीपर्यंत पोहोचण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला, आणि ती सर्वमान्य होऊन एक पिढी लोटते न लोटते तोच ती पुन्हा बुजू लागली. कारखान्याने दिलेली वस्तू आणि बाहेरून आणलेली वस्तू यांनी एका छपराखाली कसे नांदावे, हा प्रश्न या साऱ्या काळात मोटारीच्या मालकांना, निर्मात्यांना आणि विशेषतः रस्त्याकडेच्या कारागिरांना पडत आला आहे. त्याची जी उत्तरे त्यांनी वेळोवेळी शोधली, त्यांची ही हकीकत आहे.

आरंभी ‘कंपनीचा’ आणि ‘बाहेरचा’ असा भेद नव्हता, कारण सगळाच रेडिओ बाहेरचा होता. १९२८ साली शिकागो शहरात पॉल गॅल्विन यांनी अवघे ५६५ डॉलर खेळते भांडवल आणि पाच कामगार घेऊन आपला कारखाना उघडला. घरगुती रेडिओ बॅटरीऐवजी घरातील विजेवर चालावा म्हणून लागणारे एक उपकरण हा त्यांचा पहिला माल होता. परंतु पुढच्याच वर्षी अमेरिकेवर मंदीचे सावट पडले, आणि गॅल्विन यांनी मोटारीत बसेल अशा रेडिओकडे आपले लक्ष वळविले. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या तरुण तंत्रज्ञांच्या साहाय्याने तयार झालेला संच आपल्या स्टुडबेकर मोटारीत बसवून ते १९३० च्या जून महिन्यात शिकागोहून आठशे मैलांवरील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ-उत्पादकांच्या अधिवेशनास गेले. तेथे दुकान मांडण्यासाठी त्यांच्यापाशी जागा नव्हती. म्हणून त्यांनी गाडी बाहेर उभी केली, रेडिओचा आवाज चढविला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाडीपाशी बोलावून मागण्या नोंदवून घेतल्या. मोटार आणि व्हिक्ट्रोला या दोन शब्दांच्या मिलाफातून सिद्ध झालेले ‘मोटोरोला’ हे नाव याच संचाचे होय. पुढे १९४७ साली संपूर्ण कंपनीनेच ते धारण केले, आणि वेव्हरिंग यांनी कालांतराने तिचे अध्यक्षपद भूषविले.

त्या काळी रेडिओ बसविणे म्हणजे निम्मी गाडी उसवणे होते. दोन माणसे त्यासाठी काही दिवस खपत. रेडिओच्या नळ्यांना शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागे आणि गाडीची बॅटरी तर सहा व्होल्टचीच असे. म्हणून पायाखालची फळी कापून तिच्याखाली वेगळ्या बॅटऱ्यांची पेटी टांगीत. ध्वनिक्षेपक आत कोठेतरी कोपऱ्यात बसवीत, आणि छताचे अस्तर सोडवून त्याच्या पोटात तारेची जाळी एरियल म्हणून शिवीत. एवढे करूनही पहिल्यांदा कानी पडे ती स्वतः गाडीची चरचर. ठिणगीने चालणारे एंजिन हे एका अर्थाने लहानसे बिनतारी प्रक्षेपककेंद्रच आहे. प्रत्येक प्लगमध्ये पडणारी ठिणगी आणि विद्युज्जनित्राच्या ब्रशांवरील प्रत्येक घर्षण रेडिओच्या ग्रहणकक्षेत आपली वर्दी देऊन जाते. प्लगच्या तारांत विरोधक घालणे, जनित्राला कंडेन्सर जोडणे आणि बॉनेटपासून सांगाड्यापर्यंत धातूचे सर्व भाग एकमेकांशी नीट बांधून घेणे हे उपाय अनुभवाने सापडत गेले. पुढे कंपकाच्या साह्याने सहा व्होल्टचा प्रवाह तोडून, रोहित्रातून त्याचा दाब वाढविण्याची युक्ती रूढ झाली आणि फळीखालची बॅटऱ्यांची पेटी अंतर्धान पावली. १९३५ च्या सुमारास जनरल मोटर्सने अखंड पोलादी छताच्या गाड्या काढल्या, तेव्हा कापडी छताच्या पोटात लपलेले एरियल निकामी ठरले, आणि ते बिचारे काही दिवस पायरीखाली व नंतर सळईच्या रूपाने गाडीबाहेर राहावयास गेले. गाडीत एखादा फेरफार झाला की पाहुण्याने आपली जागा बदलावी, हा या इतिहासातील पहिला धडा येथे गिरविला गेला.

युरोपात हीच गोष्ट जर्मनीने वेगळ्या रीतीने साधली. जी कंपनी पुढे ब्लाउपुंक्ट या नावाने प्रसिद्ध झाली, तिने बर्लिनमध्ये १९३२ साली ‘ऑटोसुपर ए. एस. ५’ हा संच काढला. तो सुमारे पंधरा किलो वजनाचा, दहा लिटर जागा अडविणारा आणि ४६५ राइशमार्क किमतीचा होता. इतका मोठा पेटारा चालकाच्या हाताशी मावणे शक्य नव्हते, म्हणून तो दूर बसवून त्याच्या कळा तेवढ्या चक्राच्या दांड्यावर आणून ठेवल्या होत्या. चक्रावरील बोटांनी आवाज कमीजास्त करण्याची जी सोय आज नव्या गाडीचे भूषण म्हणून सांगितली जाते, तिचा पूर्वज असा नव्वद वर्षांपूर्वीच्या अडचणीतून जन्मला आहे.

महायुद्धानंतर मोटार-कारखान्यांनी रेडिओला घरात घेतले. तो आता डॅशबोर्डाच्या रचनेतच बसू लागला. मात्र प्रत्येक कारखान्याने त्याची चौकट आपल्या लहरीप्रमाणे आखली. मधे लांबट तबकडी आणि दोन बाजूंना दोन दांड्यांवरच्या गोल कळा ही सर्वसाधारण ठेवण असली, तरी त्या दोन दांड्यांतील अंतर एका कंपनीचे दुसरीशी जुळत नसे. १९५६ च्या क्रायस्लर गाड्यांत प्रथमच नळ्यांचा पूर्ण त्याग करून केवळ ट्रान्झिस्टरांवर चालणारा रेडिओ मिळू लागला. त्याच वर्षी त्याच कंपनीने ‘हायवे हाय-फाय’ नावाचा ग्रामोफोनही गाडीत बसवून पाहिला. पीटर गोल्डमार्क या थोर ध्वनितंत्रज्ञाने तो सिद्ध केला होता, आणि मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या खास तबकड्या कोलंबिया ही एकच कंपनी त्याच्यासाठी काढीत असे. यंत्र कारखान्याचे, तबकडी एकाच घराची, आणि श्रोत्याच्या घरातील संग्रहाशी दोहोंचा संबंध नाही, अशी ही तजवीज होती. तिला थोड्याच वर्षांत पूर्णविराम मिळाला यात नवल नाही.

श्रोत्याला स्वतःच्या आवडीचे संगीत गाडीत हवे होते, आणि ते त्याला बाहेरच्या कारागिरांनीच मिळवून दिले. १९६२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात अर्ल मंट्झ यांनी चार पट्ट्यांच्या फितीचे ‘स्टिरिओ-पॅक’ विकावयास आरंभ केला. त्यानंतर विल्यम लिअर यांची आठ पट्ट्यांची पेटी आली, जी फोर्डने १९६६ च्या गाड्यांत कारखान्यातूनच दिली. आणि १९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली चिमुकली कॅसेट कालांतराने या दोघींनाही पुरून उरली. ही यंत्रे डॅशबोर्डाखाली दोन पट्ट्यांना टांगलेली असत, त्यांच्या तारा गालिच्याखालून जात, आणि दारांच्या अस्तरांत कारागीर करवतीने गोल भोके पाडून ध्वनिक्षेपक बसवीत. कंपनीचा रेडिओ आपल्या जागी मुकाट असे आणि त्याच्या पायाशी बाहेरचा पाहुणा मोठ्याने गात असे. जोडणी अशी ती नव्हतीच. ते केवळ शेजारी बसणे होते, आणि त्यासाठी गाडीला सोसावे लागलेले घाव कायमचे होते.

खरा पालट झाला तो एका मापाने. जर्मन मानकसंस्थेने डॅशबोर्डातील रेडिओसाठी एक निश्चित आकार ठरवून दिला होता. १९८४ साली तोच ‘आयसो ७७३६’ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपाने जगासमोर आला. आज दुकानात ‘सिंगल डिन’ आणि ‘डबल डिन’ हे शब्द जो तो उच्चारतो, ते त्या जर्मन मानकाच्या नावाचे अवशेष होत. पाठोपाठ ‘आयसो १०४८७’ या मानकाने कपलरही बांधून दिला, आणि त्यातील प्रत्येक खाचेची वतनदारी ठरली. वीजपुरवठ्याच्या कपलरात चौथ्या खाचेत बॅटरीची अखंड तार, सातव्या खाचेत किल्ली फिरविल्यावर जागी होणारी तार, आठव्या खाचेत अर्थिंग, आणि दुसऱ्या कपलरात चार ध्वनिक्षेपकांच्या आठ तारा, अशी ही व्यवस्था होती. बाजारातल्या संचांच्या तारांनाही रंगांची सर्वमान्य भाषा मिळाली. पिवळी अखंड विजेची, तांबडी किल्लीची, काळी अर्थिंगची. पांढरी पुढच्या डाव्या ध्वनिक्षेपकाची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची. आणि जिच्यावर काळी रेघ, ती ऋण बाजू. ही वर्णमाला ज्याला पाठ झाली, तो कारागीर शिकागोतही काम करू शके आणि कोल्हापुरातही. काही युरोपीय गाड्यांत मात्र चौथी आणि सातवी खाच परस्परांत बदललेली असे. तेथे नवा संच बसविला की तो गात असे उत्तम, पण किल्ली काढताच आपली सारी स्मृती गमावून बसे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला प्रत्येक केंद्र पुन्हा शिकवावे लागे. पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल करणे हा त्यावरचा उपाय दोन मिनिटांचा होता. पण तो ज्याला ठाऊक नसे, तो निष्कारण संचाला दोष देत बसे.

महाराष्ट्रात या धंद्याने जो आकार घेतला, त्याला आपल्याकडील परिस्थिती कारण झाली. १९३३ च्या बिनतारी कायद्यान्वये रेडिओ बाळगण्यास परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे, आणि मोटारीतील संचही या नियमाच्या बाहेर नव्हता. १९८० नंतरच्या दशकात ही अट उठली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडे. तिलाच पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. गाडी मिळण्यासाठीच ग्राहकाने वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. तीत गाणे असावे की नसावे हा विचार कारखान्याने करावा, अशी अपेक्षाही कुणी केली नाही. तो विचार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडने केला आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीने केला. तेथून आणलेले ध्वनिक्षेपक लाकडी खोक्यांत घालून मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवले जात, आणि विविध भारतीची गाणी ऐकत कुटुंबेच्या कुटुंबे घाट उतरत. आपल्या कारागिरांनी ही विद्या पुस्तकातून घेतली नाही. एकाने उघडलेले यंत्र दुसऱ्याने पाहिले, आणि दुसऱ्याच्या हातून झालेल्या चुकीने तिसरा शहाणा झाला. परदेशी संचांबरोबर आलेल्या चोपड्या ज्यांना वाचता येत नसत, त्यांनाही तारांचे रंग मात्र अचूक वाचता येत.

याच सुमारास अमेरिकेत वाऱ्याची दिशा बदलत होती. १९८३ च्या काही कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाने आणि बोस कंपनीने मिळून एक ध्वनियोजना दिली. तीत प्रत्येक ध्वनिक्षेपकाला स्वतःचा ॲम्प्लिफायर होता, आणि स्वरांचा समतोल त्या विशिष्ट गाडीच्या अंतर्भागाचा अभ्यास करून ठरविलेला होता. ऐकणाऱ्याला ती देणगीच होती. परंतु तिच्यातला एक घटक काढून दुसरा घालावयाचा म्हटले, तर उरलेल्या साऱ्यांचा हिशेब बिघडे. १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने ‘कॅन’ नावाची संदेशवाहिनी जगापुढे मांडली, १९९१ पासून ती मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत आली, आणि हळूहळू गाडीतील प्रत्येक यंत्र दुसऱ्याशी दोन तारांवरून सांकेतिक भाषेत बोलू लागले. आता तांबडी तार शोधून सापडेना. किल्ली फिरविली हा निरोप विजेच्या दाबाने येण्याऐवजी संदेशाच्या रूपाने येऊ लागला. काही अमेरिकन गाड्यांत तर पट्टा लावण्याची सूचना देणारी घंटासुद्धा रेडिओच्याच पोटातून वाजे. रेडिओ काढला की घंटाही मुकी होई. अशा गाडीत बाहेरचा संच बसवावयाचा, तर मधे एक दुभाष्या लागतो. वाहिनीवरचे संदेश ऐकून त्यांतून किल्लीची वीज उत्पन्न करणारी, चक्रावरच्या कळांचा हुकूम नव्या संचाला समजेल असा पोहोचविणारी आणि हरवलेली घंटा परत वाजविणारी छोटी पेटी म्हणजे तो दुभाष्या होय.

म्हणूनच पुष्कळांनी कंपनीचा स्टिरिओ काढण्याचा नादच सोडला, आणि त्याला जागेवर ठेवून त्याच्या मागे आपली योजना उभी केली. याला लागणारे उपकरण दिसावयास अगदी क्षुल्लक असते. स्टिरिओकडून ध्वनिक्षेपकाकडे जाणारा विद्युत्प्रवाह कित्येक व्होल्टांचा असतो, तर बाहेरच्या ॲम्प्लिफायरला एक-दोन व्होल्टांचा शांत संकेत हवा असतो. रोहित्राच्या साह्याने तो दाब उतरवून देणारी ही डबी ‘लाइन आउटपुट कन्व्हर्टर’ या नावाने ओळखली जाते. जुन्या गाड्यांत ध्वनिक्षेपकांची ऋण बाजू सांगाड्यालाच बांधलेली असे. नव्या स्टिरिओत दोन्ही टोके जिवंत असतात, आणि त्यांतले एकही अर्थिंगला टेकले तर आतील ॲम्प्लिफायर जळण्याचा संभव असतो. रोहित्र या दोघांत अंतर राखून संकेत तेवढा पलीकडे पोहोचवितो. कायद्यानेही अमेरिकेत या सहवासाला आधार दिला: १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस अधिनियमाने, आपल्याच मार्काचा भाग वापरण्याच्या अटीवर ग्राहकाची हमी टांगणीला लावण्याची निर्मात्यांची वहिवाट मोडली.

ही सर्व विद्या एकवटलेली मी एकदाच जवळून पाहिली. काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीत कंपनीचा स्टिरिओ कायम ठेवून आसनाखाली ॲम्प्लिफायर बसविला होता. आवाज भरदार झाला, परंतु ॲक्सिलरेटर दाबावा तसतशी एक बारीक शीळ गाण्यामागून वर चढत जाई. बसविणाऱ्याने आवाज थोडा कमी ठेवण्याचा सल्ला दिला. मी गाडी घेऊन पुण्यातील दुसऱ्या एका तरुण कारागिराकडे गेलो. त्याने स्टिरिओला हात लावला नाही, गुडघे टेकून आसनाखाली पाहिले आणि म्हणाला, “काका, आवाज कमी केला तर शीळ झाकली जाते, जात नाही. मूळ अर्थिंगमध्ये आहे.” ॲम्प्लिफायरची काळी तार आसनाच्या ज्या बोल्टला आवळली होती, त्याच्याखाली रंगाचा पातळ थर होता. त्याने बोल्ट सोडविला, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत कानशीने तो रंग खरवडला, तारेची कडी पुन्हा बसवून आवळली, आणि एंजिन चालू करून मला आत बसविले. शीळ नाहीशी झाली होती. १९३० साली शिकागोत जे कारागीर बॉनेट आणि सांगाडा तारेने बांधून एंजिनची चरचर गप्प करीत होते, त्यांच्यात आणि या मुलात नव्वद वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर होते, पण दोघांचा शत्रू एक होता आणि उपायही एकच: धातूला धातू नीट भिडला पाहिजे.

मग त्याने आधीच्या माणसाने कापून टेपने गुंडाळलेल्या कारखान्याच्या चार तारा मला दाखविल्या. त्याच्या चेहऱ्यावर स्वतःलाच इजा झाल्यासारखा भाव होता. त्या तारा त्याने डाग देऊन पुन्हा सांधल्या आणि त्यांच्यावर आवरण चढविले. नंतर बाजारातून ‘टी’च्या आकाराचा एक तयार जुडगा आणून तो कारखान्याचा कपलर आणि स्टिरिओ यांच्या मधे घातला, आणि संकेत तेथून घेतला. आपल्याकडच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘कपलर टू कपलर, नो वायर कट’ असे शब्द अलीकडे सर्रास आढळतात. मी ते जाहिरातीचे शब्द समजत होतो. त्या दिवशी मला कळले की एका धंद्याने करवतीपासून सुरुवात करून शंभर वर्षांच्या अनुभवाने गाठलेला तो आचारधर्म आहे. दुसऱ्याने बांधलेल्या घरात आपली वस्तू ठेवावी, ती पुरेपूर उपयोगात आणावी, आणि आपण निघून गेल्यावर भिंतीला खिळ्याचे भोकही राहू नये, एवढे भान ज्याच्या हातात आहे, त्याला मी कुशल म्हणेन.

पुढे ती गाडी विकण्याचा प्रसंग आला, तेव्हा मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. त्याने ॲम्प्लिफायर उचलला, डॅशबोर्डाची पट्टी सोडवून मधला जुडगा काढून घेतला, आणि कारखान्याचा मूळ कपलर त्याच्या मूळ जागी दाबला. तो खट्ट आवाज करून बसला. काढलेला जुडगा त्याने गुंडाळून माझ्या हाती दिला आणि म्हणाला, “ठेवा काका, पुढच्या गाडीला नाही बसला तरी कुणाला तरी बसेल.”